कासव आणलंत ना? मग आता त्याला घर द्या!

मुलांच्या वाढदिवसाला काय द्यावं, हा आपल्या सगळ्यांचाच नेहमीचा प्रश्न. कपडे दिले तर तोंड वाकडं, खेळणी चार दिवसांत मोडतात. मग कुणीतरी मामा किंवा काका एक वेगळीच भेट घेऊन येतो. प्लॅस्टिकची एक डबी, तिच्यात मूठभर रंगीत खडे, मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि त्या झाडाखाली बसलेलं, रुपयाच्या नाण्याहून जरासंच मोठं, हिरवंगार कासवाचं पिल्लू! सोबत सुकटीची छोटी बाटली. दुकानदाराने सांगितलेलं असतं, "काही करावं लागत नाही. दिवसाला चार सोडे टाका, आठवड्याने पाणी बदला." शिवाय कासव घरात असणं शुभ, असं सांगणारंही कुणीतरी भेटतंच.

पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग पिल्लू खाईनासं होतं. डोळे मिटून बसून राहतं. आणि एके दिवशी हलायचंच थांबतं. "नाजूकच होतं हो," असं म्हणून आपण ते कुंडीतल्या मातीत पुरतो, आणि मुलाचं रडं थांबावं म्हणून दुसरं आणतो.

पण कासव नाजूक मुळीच नसतं. उलट त्याच्याइतका चिवट जीव विरळा. म्हणून तर भलत्या जागी ठेवलेलं पिल्लू दोन दिवसांत मरत नाही, दोन-तीन महिने हळूहळू झिजत राहतं. मांजर उपाशी राहिली की पायात घोटाळते, पोपट ओरडून घर डोक्यावर घेतो. कासव बिचारं ओरडत नाही. म्हणून त्याला काय हवं ते आपणच आधी समजून घेतलं पाहिजे. आज त्याबद्दलच सांगणार आहे.

हा पाहुणा कुठला?

पिल्लाच्या डोळ्यामागे लाल पट्टा दिसतो का बघा. दिसत असेल तर ते 'रेड इअर्ड स्लायडर', म्हणजे लाल कानाचं कासव. त्याचं मूळ घर अमेरिकेत, मिसिसिपी नदी आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात. संथ पाणी, तळाशी चिखल, पाणवनस्पती आणि पाण्यावर आडवा पडलेला एखादा ओंडका. त्या ओंडक्यावर ही कासवं तासन् तास ऊन खात बसतात आणि चाहूल लागली की सुळकन पाण्यात घसरतात. म्हणून त्यांना 'घसरणारं' असं नाव पडलं.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. पोहायला भरपूर पाणी, चढून बसायला कोरडी जागा, ऊब आणि खरं ऊन, एवढ्या चार गोष्टी त्यात आहेत. आता प्लॅस्टिकच्या डबीकडे बघा. यातली एक तरी आहे का?

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेमुळे होतो. जमिनीवर राहणारं आणि पाण्यात राहणारं, दोन्हींना आपण 'कासव'च म्हणतो. म्हणून कुणी पाण्यातलं कासव दिवसभर फरशीवर फिरायला सोडतं, तर कुणी जमिनीवरचं कासव टबात बुडवून ठेवतं. लाल कानाचं कासव पाण्यातलं. त्याला गिळायलासुद्धा पाणी लागतं. कोरड्यावर ठेवलेला घास ते गिळू शकत नाही.

आणण्याआधीचा हिशेब

हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे मांडते. नाण्याएवढं पिल्लू नाण्याएवढं राहत नाही. नर सात ते नऊ इंच होतो, मादी दहा-बारा इंचांपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ आपल्या जेवणाच्या ताटाएवढी. टाकी लहान ठेवली तर कासव लहान राहतं हा निव्वळ गैरसमज आहे. तसं केलं तर वाढ खुंटते आणि कवच वेडंवाकडं होतं. आणि वय? नीट सांभाळलं तर वीस ते तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त. आज आठ वर्षांच्या मुलीने हट्टाने आणलेलं कासव, ती लग्न होऊन सासरी गेली तरी तुमच्याच घरी असेल!

कायद्याचीही एक गोष्ट. आपल्या देशातली कासवं, मग ती पाठीवर चांदण्या असलेली असोत की गावच्या विहिरीतली, ती पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कुणी गावाहून 'भेट' म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका. लाल कानाचं कासव परदेशी, म्हणून त्याची गोष्ट वेगळी. मात्र २०२२ च्या कायदेदुरुस्तीने काही परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचेही नियम आले आहेत. तेव्हा विकत घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी आणि दुकानातून रीतसर पावती घ्यावी.

टाकी कशी असावी?

गोल काचेचं भांडं नको, झाडाची डबी नको. कवचाच्या लांबीच्या दर इंचाला साधारण ४० लिटरची टाकी, असा ढोबळ हिशेब धरतात. दीड इंचाच्या पिल्लाला ६० लिटर झाले, म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी सुरुवातीला पुरते. पाच इंचांचं झालं की दोनशे लिटर. दहा इंचांच्या मादीला चारशे. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाचशे लिटरची असते, त्यावरून कल्पना करा.

टाकी काचेचीच हवी असं नाही. कपडे भिजवायचा मोठा, उभ्या कडांचा प्लॅस्टिकचा टबही छान चालतो. दिसायला साधा, पण स्वस्त, हलका आणि धुवायला सोपा. पिल्लासाठी आधी पाच-सहा इंच पाणी ठेवा आणि ते पोहायला सरावलं की वाढवा. मात्र पाणी त्याच्या कवचाच्या रुंदीपेक्षा कमी कधीच नको. पिल्लू उलटं झालं तर पुरेशा पाण्यात ते सहज सुलटं होतं, उथळ पाण्यात पाठीवर अडकून बुडू शकतं.

तळाला ते रंगीत खडे घालू नका. पिल्लं खडे गिळतात आणि ते आतड्यात अडकतात. तळ मोकळा ठेवलेला उत्तम, साफ करायलाही बरा. दगड ठेवायचेच असतील तर कासवाच्या डोक्याहून मोठे ठेवा.

आणि टाकीत कासव एकच. दुकानदार म्हणेल, "एकटं कंटाळेल, जोडी न्या." या कासवांना जोडीदाराची ओढ नसते. लहानपणी शेजारी शेजारी दिसतात, मोठी झाली की एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात.

कोरडी जागा

कासवाला दिवसातून काही तास पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हावं लागतं. नाहीतर कवचावर बुरशी धरते, ते कुजू लागतं. यासाठी दुकानातून काही आणायला नको. एक वीट पालथी आणि तिच्यावर तिरकं ठेवलेलं जुनं मंगलोरी कौल, झाला ओंडका! दोन्ही आधी स्वच्छ घासून, उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. कौलाचं एक टोक पाण्यात बुडलेलं असावं म्हणजे पिल्लाला चढता येतं. कडा टोकदार नकोत. सगळं घट्ट बसलं आहे ना, हाताने हलवून बघा. कौलाखाली अडकून पिल्लं बुडाल्याचं पुष्कळदा घडतं.

ऊब

आपलं अंग आतून तापतं, कासवाचं तापत नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या अंगात. गारठलं की त्याची भूक जाते आणि पोटातलं अन्नही पचत नाही. पिल्लासाठी पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावं आणि कौलावरची जागा ३२ ते ३५ अंश. हाताने अंदाज करू नका, पाण्यात बुडवायचा साधा तापमापक घ्या.

मुंबई-कोकणात वर्षातले बरेच महिने पाणी आपोआपच एवढं कोमट असतं. पण पुणे, नाशिक, सातारा या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तिथे हिवाळ्यात माशांच्या टाकीत वापरतात तो आपोआप बंद-चालू होणारा हीटर हवाच. त्याला जाळीचं आवरण घ्या, नाहीतर कासव धडकून काच फोडतं.

कौलावरच्या उबेसाठी कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा पिवळा, तारेचा बल्ब चालतो, ४० ते ६० वॉटचा. कौलापासून फूटभर वर टांगावा आणि जागा किती तापते ते मापून तो वरखाली करावा. एलईडीचा दिवा इथे उपयोगाचा नाही. तो उजेड देतो, पण ऊब जवळजवळ देतच नाही.

ऊन

अर्धी कासवं इथेच दगावतात. आपल्या बाळांना आपण कोवळ्या उन्हात का धरतो? हाडं घट्ट व्हावीत म्हणून. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. कासवाचं तर पाठ-पोट सगळंच हाडाचं! ऊन मिळालं नाही तर कवच मऊ पडतं, बोटाने दाबलं तर पुठ्ठ्यासारखं दबतं.

"आमची टाकी खिडकीतच आहे, भरपूर ऊन येतं," असं सांगणाऱ्या पुष्कळजणी आहेत. पण ते ऊन काचेतून येतं ना? काच उजेड आणि उष्णता आत सोडते, हवे असलेले किरण मात्र अडवते. शिवाय उन्हात ठेवलेली काचेची टाकी बघता बघता तापते आणि आतलं पिल्लू अक्षरशः उकडून निघतं. त्यामुळे टाकी उन्हात कधीही ठेवू नका. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पिल्लाला पसरट टबात थोडं पाणी घालून, अर्ध्या भागावर सावली करून, गॅलरीत वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. आणि तिथून हलू नका! कावळा, घार, मांजर, सगळ्यांचा डोळा त्याच्यावर असतो.

हे रोज जमणार नसेल, किंवा घरात ऊनच येत नसेल, तर यूव्हीबीचा खास दिवा मिळतो तो घ्या. पाकिटावर लिहिलेल्या अंतरावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येऊ न देता, दिवसाचे दहा-बारा तास तो लावायचा. हा दिवा पेटत राहिला तरी त्यातले उपयोगी किरण काही महिन्यांनी कमी होतात. म्हणून सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा. विकत आणल्याची तारीख दिव्याच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवा.

विजेच्या बिलाची काळजी वाटते ना? ५० वॉटचा बल्ब आणि १३ वॉटचा यूव्हीबी दिवा दहा तास, शिवाय १० वॉटचा फिल्टर दिवसरात्र, असं धरलं तर महिन्याला सुमारे २६ युनिट होतात. हिवाळ्यातला हीटर वेगळा. आणि पाण्याजवळ वीज म्हणजे जपायला हवं. प्लगची जागा पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावी, अर्थिंग असावं, आणि टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करावीत. मुलांनाही हे शिकवा.

पाणी

कासव माशापेक्षा कितीतरी घाण करतं. माशांच्या टाकीचा फिल्टर घेणार असाल तर आपल्या टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेला घ्या. फिल्टर असला तरी दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. फिल्टर नसेल तर दर एक-दोन दिवसांनी सगळंच बदलावं लागेल. नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग घालावं म्हणजे क्लोरीन उडून जातो. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट असावं. काढलेलं पाणी फुलझाडांना उत्तम खत आहे. कोथिंबीर, पुदिना यांच्या कुंड्यांना मात्र घालू नका.

खाणं

बाटलीतली सुकट म्हणजे कासवाचं जेवण नव्हे. ती आपल्याकडच्या पापडासारखी, तोंडी लावण्यापुरती. नुसत्या सुकटीवर वाढवलेल्या पिल्लाला 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही आणि डोळे सुजून मिटतात. कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या हा रोजचा आधार ठेवा. पिल्लाला दिवसातून एकदा, त्याच्या डोक्याएवढ्या मापाने. त्याखेरीज अधूनमधून गांडूळ किंवा ताज्या छोट्या माशाचा तुकडा, किसलेलं गाजर, लाल भोपळा, लेट्यूसची पानं. पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस पाण्यात तरंगत ठेवा, कासव तो कुरतडत राहतं. पोळी, भात, पाव, बिस्किट, दूध यातलं काहीही नको, आजी कितीही मायेने देत असल्या तरी! खायला वेगळ्या टबात ठेवलंत तर टाकी जास्त दिवस स्वच्छ राहते. वर्षभराने गोळ्या एक दिवसाआड करा आणि पाला वाढवा. मोठं कासव बरंचसं शाकाहारी होतं.

मुलं आणि कासव

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याला त्यांचा त्रास नसतो, पण आपल्याला ताप, उलट्या, जुलाब होतात आणि लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत मुलं ही इवलीशी पिल्लं तोंडात घालत. म्हणून तिथे १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. ज्या देशातून हे कासव आलं, त्याच देशात हे पिल्लू दुकानात ठेवता येत नाही!

तेव्हा नियम असा. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मोठ्यांनीही. टाकीची बादली, मग, ब्रश वेगळे. स्वयंपाकघरातल्या मोरीत टाकी कधीही धुवायची नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर सध्या कासव आणूच नका.

दुखणं ओळखा

डोळे सुजून मिटलेले, कवच मऊ, पोहताना एका बाजूला कलणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास घेणं, आठवडाभर न खाणं. यातलं काहीही दिसलं तर पक्ष्या-प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. कलणं आणि बुडबुडे ही बहुधा न्यूमोनियाची लक्षणं असतात, तिथे एक दिवसही थांबू नका. हळद, तेल, लेप असले उपाय नकोत. कवच चमकावं म्हणून खोबरेल चोळू नका आणि मुलांना त्यावर नेलपॉलिशने नाव काढू देऊ नका. कवचाचे पातळ पापुद्रे आपोआप निघाले तर घाबरू नका, वाढत्या कासवाचं ते रीतसर कात टाकणं आहे.

नको झालं तर?

दोन-तीन वर्षांत कासव तळहाताएवढं होतं, टाकी पुरत नाही, मुलांचं लक्ष उडालेलं असतं. मग रविवारी सगळे मिळून ते देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडून येतात. वाटतं, मोकळं केलं, पुण्य लागलं. मैत्रिणींनो, हे मात्र कधीही करू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत या कासवाचं नाव आहे. युरोपीय देशांनी १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली ती याच कारणाने. आपल्या तळ्यातल्या गावठी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा ते बळकावतं, आजार देतं. सांभाळणं जमत नसेल तर वनविभागाकडे किंवा प्राण्यांच्या अनाथालयाकडे चौकशी करा, नीट टाकी असलेलं दुसरं घर शोधा.

हे सगळं वाचून एखादीला वाटेल, एवढा व्याप आपल्याने व्हायचा नाही. तसं वाटलं तर त्यात कमीपणा काहीच नाही. मुलाला खरोखर कासवाचं वेड असेल तर त्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला घेऊन जा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने तिथे २००२ साली सागरी कासवांची अंडी राखण्याचं काम सुरू केलं आणि गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास वाळूतून निघालेली पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे जाताना बघायला मिळतात.

आणि तुमच्या घरात डबीतलं पिल्लू आधीच आलेलं असेल, तर आजच संध्याकाळी कपड्यांचा मोठा टब रिकामा करा. वीट, कौल आणि बल्ब एवढं तर आज होईल. हीटर, यूव्हीबी दिवा आणि गोळ्या या आठवड्यात आणा. मुलांना पाणी बदलायला बरोबर घ्या आणि रोज कोणी काय करायचं ते कागदावर लिहून टाकीजवळ चिकटवा. मे महिन्यात माहेरी जाण्याआधी मात्र शेजारणीला तो कागद नीट समजावून सांगायला विसरू नका.